शिशाची बाधा, यकृत आणि आवळा-लसूण: आहाराकडून नेमकी किती अपेक्षा ठेवावी?

जनकगंजची_सून

नमस्कार. आमचे घर ग्वाल्हेरला, लष्कर भागात, जनकगंजच्या एका जुन्या वाड्यात आहे. माझे धाकटे दीर गेली अकरा वर्षे वाड्याच्या तळमजल्यावर इन्व्हर्टरच्या आणि गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करतात. जुनी बॅटरी फोडणे, प्लेटा उपसून काढणे, शिसे वितळवून टोके ओतणे, हे सगळे तिथेच चालते. दोन महिन्यांपासून त्यांच्या पोटात पिळवटून येत होते, शौचाला साफ होत नव्हते आणि जिना चढला की थकवा येत होता. सुदैवाने डॉक्टरांनी आधी व्यवसाय विचारला आणि रक्तातील शिसे तपासायला सांगितले. आकडा आला डेसिलिटरमागे ४२ मायक्रोग्रॅम. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे विकर (एन्झाइम), तेही थोडे वाढलेले निघाले. डॉक्टरांनी शिसे बाहेर काढणारे औषध इतक्यात नको म्हणून सांगितले. काम मात्र ताबडतोब थांबवायला सांगितले.

घरी परतल्यावर सासूबाईंनी हळदीचे दूध, उपाशीपोटी कच्चा लसूण आणि आवळ्याचा रस सुरू केला. भाऊजींनी स्वतःहून यकृतासाठीच्या कॅप्सूलची बाटली आणली. रात्री जेवताना ते म्हणाले, "लिव्हर मजबूत राहिले की शिसे आपोआप निघून जाईल, मग दुकान कशाला बंद करायचे?" त्या वाक्यामुळे मी हा धागा काढते आहे. मी बारा वर्षे महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे या समजुतीत खरे किती आणि भाबडेपणा किती, हे मला स्वतःशीही नीट मांडून पाहायचे आहे.

खरे आहे ते आधी सांगते. यकृताच्या पेशींत ग्लुटाथायोन नावाचा एक छोटा रेणू मोठ्या प्रमाणात असतो. ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसिन या तीन अमिनो आम्लांचा तो बनतो आणि त्यातल्या सिस्टीनच्या टोकाला गंधक असतो. शिसे, पारा, कॅडमियम आणि आर्सेनिक या चौघांनाही गंधकाची विलक्षण ओढ आहे. ते ग्लुटाथायोनला चिकटतात, त्याचा साठा घटतो आणि रोजच्या चयापचयात तयार होणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या दाहक रेणूंना आवरणारे कोणी उरत नाही. पेशींच्या आवरणातील स्निग्ध द्रव्ये मग खवट होऊ लागतात. डब्याच्या तळाशी राहिलेले तेल जसे हवेने खवट होते, जवळजवळ तसेच.

शिशाची आणखी एक खोड आहे. हीम, म्हणजे हिमोग्लोबिनचा लोह असलेला भाग, तयार करणाऱ्या साखळीत एएलएडी नावाचे विकर असते आणि त्याला कामासाठी जस्त लागते. शिसे त्या जस्ताची जागा बळकावते, विकर थंडावते आणि ज्याचे पुढे हीम व्हायचे तो कच्चा माल पेशीत साचून राहतो. साचलेला हा पदार्थ स्वतःच ऑक्सिजनशी संयोग पावून नवे दाहक रेणू निर्माण करतो. म्हणजे शिसे एकीकडे रक्त कमी करते आणि दुसरीकडे पेशीत आग लावते. या आगीवर पाणी घालणारी शरीराची यंत्रणा अन्नातल्या द्रव्यांवरच उभी आहे: सुपरऑक्साइड डिसम्युटेझला जस्त, तांबे व मँगनीज लागते, कॅटालेझला लोह लागते, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेझला सेलेनियम लागते. त्यामुळे आहाराचा काहीच संबंध नाही, असे म्हणणारा माणूसही चुकतो.

आपल्या ग्वाल्हेरचे या विषयातले काम मोठे आहे, आणि ते गावातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. येथील संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेत, म्हणजे जी संस्था पूर्वीच्या जिवाजी इंडस्ट्रियल रिसर्च लॅबोरेटरीतून वाढली आणि १९७३ साली आजच्या नावाने उभी राहिली, तिथे डॉ. एस. जे. एस. फ्लोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्सेनिक व शिशाच्या विषबाधेवर अनेक वर्षे संशोधन केले. धातूला पकडून लघवीवाटे बाहेर नेणारी औषधे एकटी देण्यापेक्षा त्यांच्या जोडीला अँटिऑक्सिडंट, म्हणजे या दाहक रेणूंना शमवणारे द्रव्य, दिल्यास पेशी अधिक चांगल्या सावरतात का, हा त्यांच्या कामाचा एक मुख्य धागा होता. शेवग्याच्या बियांची पूड देऊन आर्सेनिकचा परिणाम कमी होतो का, हे उंदरांवर तपासणारा त्यांचा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला आणि निष्कर्ष आशादायक होते. पण औषधांविषयीच्या मांडणीत "जोडीला" हा शब्द महत्त्वाचा आहे. औषध सोडून किंवा दुकान चालू ठेवून माणसाने नुसत्या शेवग्यावर विसंबावे, असे उंदरांवरच्या त्या प्रयोगातून निघत नाही.

माझा प्रश्न असा. ज्यांनी प्रयोगशाळेत, दवाखान्यात किंवा स्वयंपाकघरात या गोष्टी जवळून पाहिल्या आहेत, त्यांच्या मते भाऊजींच्या ताटात काय असावे आणि त्यापासून कोणती अपेक्षा मुळीच ठेवू नये?

मुरारकर

ताई, विषय नेमका मांडला आहे. मी निवृत्त रसायनतज्ज्ञ आहे, म्हणून प्राण्यांवरील प्रयोगांबद्दल लिहितो, कारण वर्तमानपत्रांतल्या "लसणाने यकृत वाचते" छापाच्या बातम्या तिथूनच निघतात.

अशा बहुतेक प्रयोगांत धातू आणि वनस्पतीचा अर्क एकाच काळात दिले जातात, किंवा अर्क आधीपासून चालू असतो. लसणात गंधकाची संयुगे भरपूर असल्यामुळे ती आतड्यातच धातूला धरून ठेवण्याची शक्यता असते. मग यकृत वाचले ते अँटिऑक्सिडंटमुळे, की मुळात धातू रक्तात कमी पोहोचला म्हणून, हे वेगळे काढणे अवघड जाते. भाऊजींचे शिसे मुख्यतः श्वासावाटे, धुरातून आणि धुळीतून गेलेले आहे. फुप्फुसात गेलेल्या शिशाला पोटातला लसूण भेटणार कसा?

दुसरी गोष्ट मात्रेची. उंदराच्या वजनाच्या किलोमागे ५०० मिलिग्रॅम अर्क, अशी मात्रा या प्रयोगांत सर्रास आढळते. साठ किलोच्या माणसासाठी सरळ गुणाकार केला तर ३० ग्रॅम अर्क होतो. उंदराचा चयापचय जलद असल्याने असा सरळ गुणाकार शास्त्राला मान्य नाही, योग्य हिशेबाने आकडा बराच खाली येतो. तरीही तो अर्क असतो, फोडणीतल्या चार पाकळ्या नव्हेत.

गंधकाची ओढ मात्र औषधात पुरेपूर वापरलेली आहे. लुइसाइट या आर्सेनिकयुक्त युद्धवायूवर उतारा म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी डायमरकॅप्रॉल शोधले. त्याच्या रेणूत गंधकाची दोन टोके शेजारी शेजारी आहेत, आणि ती आर्सेनिकला चिमट्यासारखी पकडतात. पुढे आलेले, तोंडाने घेता येणारे सक्सिमर त्याच कुळातले. ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनी ज्या मोनोआयसोअमाइल डीएमएसएवर इतके काम केले, ते सक्सिमरचेच सुधारलेले रूप आहे.

डाळबाजार_ग्वाल्हेर

आमचा तीन पिढ्यांचा किराण्याचा व्यापार आहे. हळदीबद्दल लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो. ज्या घरात शिशाची बाधा झाली आहे, तिथे हळदीचे प्रमाण वाढवण्याआधी ती हळद कुठली आहे, हे पाहावे. फिकट हळकुंडांना झळाळी आणण्यासाठी लेड क्रोमेट हा पिवळा रंग चोळण्याची लबाडी जुनी आहे, आणि त्या रंगात शिसेच असते. बांगलादेशात २०१९ साली हे संशोधकांनी उघड केले, तेव्हा बाजारातून घेतलेल्या नमुन्यांपैकी ४७ टक्के भेसळीचे होते. सरकारने छापे घातले, व्यापाऱ्यांना दंड केले, आणि २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. करायचे ठरवले तर होते, याचे मला त्यातून मोठे समाधान वाटते.

अख्खी हळकुंडे आणून घरी दळली की झाले, असे अनेक गृहिणी मानतात. पण हा रंग पॉलिश करतानाच हळकुंडाला चोळतात, त्यामुळे नुसते अख्खे असणे पुरेसे नाही. हात लावताच बोटे गर्द पिवळी होणारे, डोळ्यांत भरणारे चकचकीत हळकुंड मी माझ्या घरी नेत नाही. मातकट, सुरकुतलेले नेतो. शंका असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्यावा. हळदीतल्या शिशाची आपल्याकडील कायदेशीर मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम आहे.

परिचारिका_बडोदे

ताई, धागा मी दोनदा वाचला. आपण भाऊजींच्या यकृताबद्दल खूप लिहिले आहे. वाड्यात लहान मूल आहे का? भाऊजी कामाचे कपडे कुठे काढतात?

मी हे काळजीने विचारते आहे. मोठ्या माणसाने गिळलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग शरीरात शोषला जातो, लहान मुलात तो निम्म्यापर्यंत जातो, आणि मुलाच्या बाबतीत यकृतापेक्षा मेंदूची चिंता आधी करावी लागते. शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार रक्तातील पातळी ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक असेल तर शिसे कुठून येते ते शोधून बंद करायचे असते. शिसे काढणारे औषध मुलांना साधारणपणे ४५ च्या पुढे देतात.

त्याच मार्गदर्शनात आहाराबद्दल जे ठामपणे सांगितले आहे ते अँटिऑक्सिडंटविषयी नाही. लोह किंवा कॅल्शियम कमी असलेल्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ते पुरवा, असे सांगितले आहे. आतड्यात लोहाला आत घेणारे जे दार असते, त्याच दाराने शिसेही शिरते. लोह कमी पडले की शरीर ती दारे वाढवते आणि शिशाला आयती वाट मिळते. आणखी एक सांगते. शिसे उपाशीपोटी कितीतरी जास्त शोषले जाते. भाऊजी चतुर्थीचा किंवा सोमवारचा कडक उपास करून दुकानात बसत असतील, तर ते आधी थांबवावे. रिकाम्या पोटी लसूण खाऊन, हात न धुता कामाला लागणे, हे त्याहून वाईट.

राजवाडा_इंदूर

परिचारिकाताईंच्या प्रश्नाचे उत्तर येण्याआधी भांड्यांविषयी लिहिते. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात पितळी पातेल्याची कल्हई उडाली की त्यात ताक किंवा चिंचेची आमटी करत नसत; आंबट पदार्थ कळकतो, हे सगळ्यांना माहीत असे. कळकणे हा तांब्याचा दोष झाला. शिशाची गोष्ट वेगळी, कारण ते चवीला, वासाला, रंगाला कशालाच कळत नाही. कल्हई शुद्ध कथिलाची असेल तर भांडे उत्तम. पण स्वस्त कथिलात शिसे मिसळलेले असेल, तर त्याच आंबट आमटीत ते उतरते. भंगार ओतून केलेल्या अल्युमिनियमच्या भांड्यांचेही तेच. शिवाय शेंदूर! अस्सल शेंदूर हा रसायनाच्या दृष्टीने शिशाचा ऑक्साइडच आहे. मारुतीला लावलेला शेंदूर लहान मुलाच्या कपाळाला लावताना माझा हात आता थांबतो. श्रद्धा आहे, म्हणूनच मुलाचे बोट तोंडात जाणार हेही मी लक्षात ठेवते.

निदानपरिवर्जन

मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे आणि वीस वर्षे चिकित्सा करतो. माझे सदस्यनावच माझे उत्तर आहे: कारण दूर करणे ही पहिली चिकित्सा, असे आमच्या संहिता सांगतात. दुकान चालू ठेवून यकृतासाठी औषध मागणारा रुग्ण माझ्याकडे आला, तर मीही नकार देईन.

काही अप्रिय गोष्टी आमच्याच लोकांनी बोलल्या पाहिजेत. अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली, त्यात सुमारे २० टक्के उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. शास्त्रोक्त भस्म आणि निष्काळजीपणे केलेले भस्म यांत अंतर आहे, असे मी मानतो. पण आधीच शिशाने बाधित असलेल्या माणसाने कोणतेही रसौषध, म्हणजे धातू किंवा खनिजांपासून केलेले औषध, स्वतःच्या मनाने घेऊ नये, याविषयी दुमत असू नये.

मुरारकरांशी मात्र एका ठिकाणी मतभेद आहे. आहारातील लसूण आणि अर्क यांची तुलना केवळ मात्रेवर करणे योग्य नाही. प्रयोगातल्या उंदरासारखा माणूस लसूण मोजके दिवस खात नाही, आयुष्यभर खातो.

मुरारकर

वैद्यराज, आयुष्यभराचा मुद्दा मान्य आहे. पण तेवढा काळ माणसांचे निरीक्षण करून, लसूण खाणाऱ्यांचे यकृत धातूपासून वाचले असे दाखवणारा पुरावा समोर येईपर्यंत मी त्याला शक्यता म्हणेन. कॅप्सूलबद्दल मी अधिक कठोर आहे. हळदीतले कुर्क्युमिन शरीरात नीट शोषले जात नाही, म्हणून त्यात मिऱ्यातले पायपरिन घालतात. अशा तीव्र मात्रेच्या गोळ्यांनी यकृतालाच सूज आल्याचे रुग्ण इटलीत आणि अमेरिकेत नोंदले गेले आहेत. ग्रीन टीच्या अर्काचेही तसेच आहे. गुळवेलीबद्दल मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली अशाच नोंदी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्यांवर आक्षेप घेतला, तो वाद मी इथे उकरत नाही. ज्याचे एसजीपीटी आधीच वाढलेले आहे, त्याने अशी बाटली उघडू नये, इतकेच.

जनकगंजची_सून

सर्वांचे मनापासून आभार. परिचारिकाताई, आपला प्रश्न वाचला आणि मी तशीच उठून खाली गेले.

वाड्यात माझा पुतण्या आहे, साडेपाच वर्षांचा. भाऊजी रात्री कामाच्या शर्टातच वर येतात, दाराशी शर्ट झटकतात आणि तसेच त्याला मांडीवर घेतात. मी दिवा लावून उंबऱ्याजवळचे दगडी जोते बोटाने पुसून पाहिले. करडी, जड, बोटाच्या रेषांत बसणारी पूड होती. त्याच जोत्यावर तो रोज गाड्या खेळतो. बारा वर्षे वर्गात शिसे शिकवून हे मला दिसले नाही, याचे फार वाईट वाटले.

त्याची तपासणी केली. शिसे १७, हिमोग्लोबिन ९.१. बालरोगतज्ज्ञांनी लोहाचे औषध सुरू केले आहे. दुकान त्याच दिवशी बंद केले. भाऊजी एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी स्वतः कॅप्सूलची बाटली उचलून कचऱ्यात टाकली.

ताटाविषयी आता मी असे ठरवले आहे. आवळा राहील, पण रिकाम्या पोटी रस म्हणून नाही. पालेभाजी आणि वरणाबरोबर, कारण त्यातले क जीवनसत्त्व डाळीतले आणि भाजीतले लोह शोषून घ्यायला मदत करते. इथे आवळ्याचा उपयोग अँटिऑक्सिडंट म्हणून जितका होईल, त्याहून लोहाचा सोबती म्हणून अधिक होईल, असे मला वाटते. जेवणावर लगेच चहा बंद, कारण तो लोह अडवतो. दूध, दही आणि नाचणी कॅल्शियमसाठी. अंडे आणि डाळी, कारण ग्लुटाथायोन यकृत स्वतःच घडवते आणि त्याला त्यासाठी सिस्टीन हवे असते. तयार ग्लुटाथायोन गिळले तर त्यातले बरेचसे आतड्यातच मोडते. जस्तासाठी तीळ आणि शेंगदाणे. लसूण फोडणीत, पूर्वीसारखाच. हळद रोजच्या चिमटीइतकी, आणि तिचा नमुना तपासायला दिला आहे.

घाटावरचा

माझी बहीण उत्तर प्रदेशात बलियाला असते. तिथे भूजलात आर्सेनिक आहे, म्हणून एक भर घालतो. शरीरातले आर्सेनिक बाहेर टाकण्यासाठी यकृत त्याला मिथाइल गट (कार्बन-हायड्रोजनचा छोटा तुकडा) जोडते, आणि त्या कामाला फोलेट हे ब गटातले जीवनसत्त्व लागते. बांगलादेशात फोलेट कमी असलेल्या लोकांना रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल बारा आठवडे दिले, तेव्हा रक्तातील आर्सेनिक सुमारे १४ टक्के उतरले. माणसांवर, नीट तुलना करून दिसलेला हा परिणाम आहे. उणीव भरून काढली, म्हणून तो दिसला. बहिणीला मी भात वेळायला सांगितले आहे. भरपूर पाण्यात शिजवून पेज ओतून टाकली की भातातले आर्सेनिक बरेच कमी होते. पण ते पाणी आर्सेनिकमुक्त हवे. पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे, आणि तिच्या हातपंपाला आर्सेनिकची खूण म्हणून लाल रंग लावलेला आहे, म्हणून ती आता दूरच्या टाकीवरून पाणी आणते.

परिचारिका_बडोदे

ताई, झाडू मारू नका. कोरड्या झाडूने ती पूड उडते आणि पुन्हा खाली बसते. ओल्या फडक्याने पुसा, फडके वेगळे ठेवा, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. मुलाचे हात जेवणाआधी साबणाने, रोज. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करा. आकडा सावकाश उतरेल, कारण रक्तातले शिसे महिनाभरात निम्मे होत असले तरी हाडांत मुरलेले शिसे वर्षानुवर्षे परत रक्तात येत राहते. त्याने घाबरून जाऊ नका.

जनकगंजची_सून

साडेतीन महिने झाले, म्हणून कळवते. पुतण्याचे शिसे १७ वरून ११ वर आले आहे, हिमोग्लोबिन ११.४ आहे. भाऊजींचे ४२ वरून २८, एसजीपीटी मर्यादेत. हळदीचा अहवाल चांगला आला. भाऊजींनी वस्तीबाहेर एक शेड भाड्याने घेतली आहे; तिथे बॅटरी फोडणे आणि शिसे वितळवणे पूर्ण बंद आहे, फक्त चार्जिंग आणि विक्री होते. कपडे तिथेच बदलतात, अंघोळ करून घरी येतात, आणि मगच मूल त्यांच्या अंगावर चढते. उत्पन्न कमी झाले आहे. जाऊबाई शिवणाचे काम घेऊ लागल्या आहेत.

दुकानात हाताखाली काम करणारी दोन मुले होती, एक सतरा वर्षांचा आणि एक एकोणीस वर्षांचा. प्लेटा उपसण्याचे काम तीच करत असत. त्यांच्या घरी जाऊन भाऊजींनी सगळे सांगितले, आणि सोमवारी ते दोघांना स्वतः रक्ततपासणीला घेऊन जाणार आहेत. एकाच्या घरी नऊ महिन्यांची बहीण आहे. तिचीही तपासणी त्याच दिवशी होईल.